आई नाही म्हणाली

मी पुण्याला जर्मन शिकायला गेले तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती : भंडारा जिल्ह्यातून जर्मन शिकणारी मी पहिली. कोणी मोजायला बसलं नव्हतं, पण आमच्या आसगावात जर्मन म्हटलं की लोकांना अ‍ॅल्युमिनियमची 'जर्मनची भांडी' आठवत, तेव्हा माझा दावा खोडणार कोण? एक वर्ष हा मान मी एकटीने मिरवला. दुसऱ्या वर्षी नागपूरहून बदलून आलेली एक मुलगी वर्गात माझ्या शेजारी बसली आणि उभी राहून सांगू लागली, मी भंडाऱ्याची, म्हणजे नदीपल्याडच्या कारध्याची. झालं. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजही पुरतं थांबलेलं नाही.

आमच्या मॅडम आम्हा दोघींना 'भंडारा-गोंदियाच्या मुली' म्हणायच्या. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी दरवेळी दुरुस्ती करायची, मॅडम दरवेळी विसरायच्या आणि ती हसायची. तिला कशाचंच काही वाटत नसे. उच्चार तर असे करायची की ऐकवत नसत. मी वसतिगृहाच्या आरशासमोर ओठांचा चंबू करून एकेक स्वर घासून घेतलेला, आणि ही बाई किराणा दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशी जर्मन बोलायची. तिच्या वडिलांचं कारध्याला खरंच किराणा दुकान होतं. चुकली की स्वतःच हसायची आणि पुढे चालू. मार्क मला जास्त. पण जर्मनीहून कोणी पाहुणे आले की चहाच्या वेळी घोळका तिच्याभोवती, आणि मी कप हातात घेऊन भिंतीला टेकलेली.

एकदा वर्गात आम्ही युद्धानंतरची एक गोष्ट वाचत होतो. पडलेल्या शहरातल्या बाया ओळीत उभ्या राहून विटा हातोहात पुढे देतात, असा तिच्यात प्रसंग होता. त्यावर मी तीन पानं लिहून आणली होती, जाड शब्दांची. ती रिकाम्या हाताने उभी राहिली आणि मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली की आमच्याकडे धान रोवणाऱ्या बायाही अशाच ओळीत असतात, कमरेत वाकलेल्या, हात चालू आणि तोंडही चालू. मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. माझी पानं त्यांनी घरी नेली, आणि तास संपेपर्यंत बोलल्या मात्र तिच्या रोवण्यावर. रोवणा माझ्या घरचा. हिच्या घरी धान पोत्यात येतं. माझ्या आईची कंबर धानाच्या बांधीत, त्या चिखलात गेली, आणि बोलून गेली ही. मी का नाही बोलले? कारण मी पुण्यात सगळ्यांना 'आम्ही नागपूरच्या बाजूचे' एवढंच सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या वर्षी माध्यमांचा विषय आला. प्रत्येकाने जर्मन श्रोत्यांसाठी दहा मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम करायचा, विषय 'माझ्या घरचे आवाज'. ज्याचा कार्यक्रम सगळ्यांत चांगला ठरेल त्याला वर्षभर जर्मनीला पाठवणार होते. जागा एकच. ती जागा माझी आहे असं मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते, आणि तसं आईला सांगूनही टाकलं होतं.

ऑगस्टात जोडून सुट्ट्या आल्या. ती म्हणाली, तुमच्याकडे रोवणा चालू असेल ना, मी येते. नाही कसं म्हणणार? आली. बाबा लाखांदूरला नोकरीला होते, सकाळच्या एसटीने जात. शेत आईच बघायची. आमच्या गल्लीतल्या बाया एकमेकींच्या बांधीत रोवायला जात, आज तुझ्या, उद्या माझ्या. आई पुढे गाणं उचलायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. नदीला पूर आलाय आणि पल्याडच्या बहिणीला निरोप कसा धाडायचा, असं काहीतरी ते गाणं होतं. मी लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं.

मी चपला घालून बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहिले. हिने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, जर्मन विभागातून आणलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गळ्यात अडकवलं आणि सरळ बांधीत उतरली. आईला आधी विचारलं, काकू, तुमचा आवाज घेऊ का, जर्मनीत ऐकवायचा आहे. आई लाजली, मग हो म्हणाली. त्यानंतर आई जशी गायली तसं मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. तिसऱ्या पावलाला ही चिखलात बसकण मारून पडली, यंत्र तेवढं वर धरलेलं. बाया पोट धरधरून हसल्या आणि मग तिला पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, धरायला शिकवत बसल्या.

तो आमच्या रोवण्याचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या दिवशी बाया मालकाच्या घरच्या माणसाला चिखल लावतात आणि खाऊ मागतात, अशी आमच्याकडची रीत. बाबा घरी नाहीत, आई त्यांच्यातलीच एक, म्हणजे मान माझा. दोघी-तिघी चिखलाचे हात घेऊन धुऱ्याकडे आल्या. मी मागे सरकले. माझे कपडे, म्हणाले. त्या थबकल्या. तेवढ्यात हिने मागून हाक मारली, मले लावा न, आणि गाल पुढे केले. लावला त्यांनी. कपाळाला, गालांना, केसांना. मग ही तशीच गावच्या दुकानात गेली आणि सगळ्यांसाठी गरम भजे घेऊन आली. आई तिच्या कानामागचा चिखल पदराने पुसत होती. माझी आई! तो मान मी स्वतः सोडला होता हे मला कळत होतं, तरी तिनेच माझ्या हातातून ओढून नेल्यासारखा राग आला. त्या रात्री मी जेवले नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

मी माझा कार्यक्रम पुणे स्टेशनवर केला. घोषणा, चाकांचे आवाज, चहावाले, आणि वर माझे आरशासमोर घासलेले उच्चार. ते माझं घर नव्हतं, पण कोणी विचारलं नाही. तिचा कार्यक्रम तिने मला ऐकवला. कानाला यंत्र लावून मी बसले आणि आईचा आवाज आला. मागे चिखलात पाय ओढल्याचा आवाज, मग हिची मोडकी जर्मन, नदीचा आणि बहिणीचा अर्थ सांगणारी. मला रडू आलं. आणि त्याच क्षणी कळलं की माझी जागा गेली.

मॅडमनी नियम सांगितला होता : ज्यांचा आवाज वाजणार त्यांची सही कागदावर पाहिजे. कागद दिवाळीनंतर लगेच द्यायचे होते. ती दिवाळीत पुण्यातच थांबणार होती, कारण शेवटच्या जोडणीसाठी विभागातला संगणक सुट्टीतच रिकामा मिळायचा. तिने कागद माझ्याकडे दिला. आईची सही आण, बाकी बायांचीही आण, म्हणाली. मी तो वहीत ठेवला.

आसगावात आठ दिवस होते. वही बॅगेत होती, बॅग खाटेखाली. आई अनरसे तळता तळता दोनदा म्हणाली, त्या पोरीनं आमचं गाणं लावलं का तिकडं? मी म्हटलं, अजून वेळ आहे. शेजारची काकी म्हणाली, आमचा आवाज विमानात बसून गेला, आम्ही राह्यलो इथं. सगळ्या हसल्या. मीही हसले. खाटेकडे हात गेला नाही. आज काढू, उद्या काढू असं मी स्वतःला सांगत होते हे खोटं आहे. काढायचा नाही हे गाडीतच ठरलं होतं.

पुण्याला पोचल्यावर ती दारातच उभी होती. मी बॅगही खाली ठेवली नाही.

"आई नाही म्हणाली."

"काहून?"

"बाया लाजतात. गावात लोक नावं ठेवतील म्हणते."

मी घाईने सांगितलं की आईला फोनबिन करू नको, तिला ओशाळं होईल. ती म्हणाली, "नाही करत. काकूले वाईट वाटू नये." दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर ते सगळं रेकॉर्डिंग पुसलं. प्रत ठेवू का म्हणूनही विचारलं नाही. परवानगी नाही तर ठेवायचं कायले, एवढंच म्हणाली. दोन दिवसांत वसतिगृहाच्या खानावळीतल्या भांड्यांचे आवाज जोडून तिने काहीतरी उभं केलं. ते पडेल होतं, तिलाही माहीत होतं. जागा मला मिळाली. माझ्या कार्यक्रमाला जर्मनीहून निवडीसाठी आलेल्या पाहुण्या बाईंनी 'स्वच्छ' म्हटलं. मिठाई तिनेच आणली.

पासपोर्टच्या कागदांसाठी मी घरी आले. बाबांनी गावभर पेढे वाटले. संध्याकाळी मी आणि आई ओसरीत तांदूळ निवडत होतो, आणि आईचा मोबाइल वाजला. पलीकडून त्या कारध्याच्या मुलीचा आवाज मला चांगला ऐकू येत होता, कारण आई फोनचा आवाज मोठा ठेवायची. आधी तिने अभिनंदन केलं. मग म्हणाली की काकू, एक राह्यलं होतं, फोन करणार नव्हते पण राहवलं नाही. तेव्हा मी तुम्हाला बायांसमोर विचारलं, तुम्हाला नाही म्हणता आलं नसेल. पुढे तुम्ही 'नाही' असं कळवलंत ते बरं केलं. मी ते गाणं पुसून टाकलं आहे, कुठेच नाही आता, तुम्ही बिनघोर राहा. माझ्यावर राग धरू नका.

आईचा हात सुपात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तांदळाकडे पाहत होते, तरी ती पाहतेय हे मला मानेला कळत होतं. आता ती म्हणेल, मी कवा नाही म्हणली? जागा, पासपोर्ट, पेढे, सगळं त्या एका वाक्यावर होतं.

"हो पोरी," आई म्हणाली, "मीच नाही म्हणली होती. लोकांची लाज वाटली मले. तू मन छोटं नको करू."

पलीकडून ती काहीतरी बोलत राहिली, आई हो हो म्हणत राहिली. कारध्याला आलीस की येऊन जा, चार दिवस राहा, तुले भाकरी खाऊ घालीन, असंही म्हणाली. फोन ठेवला आणि पुन्हा खडे निवडायला लागली. मला काही विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, मी जाताना भंडारा रोड स्टेशनवरही नाही, आणि पुढच्या कुठल्याच रोवण्याला नाही. मला मात्र, तिने माझ्यासाठी खोटं बोलून माझं वर्ष वाचवलं त्या क्षणीही, सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर ते हे की 'पोरी' ती तिला म्हणाली होती.