इसिडोरोसचा अर्धा ग्लास

माझी वहिनी स्तामातिया फ्रापे करते तशी आमच्या अख्ख्या कार्दामिला गावात कुणाला जमत नाही, हे मी कबूल करते. एरवी तिचं कौतुक करायची मला सवय नाही. झाकणाच्या उभट भांड्यात दोन चमचे कॉफीची पूड, एक चमचा साखर आणि तळ बुडेल एवढंच पाणी. मग ते भांडं ती असं खळखळवते की शेजारी माझ्या घरातली मांजर दचकून उठते. फेस घट्ट झाला की ग्लासात ओतायचा, वर बर्फ, गार पाणी आणि नळी.

माझा भाऊ इसिडोरोस मालवाहू जहाजाच्या इंजिनावर होता. दीड वर्ष पाण्यावर, तीन महिने घरी. निघायच्या दिवशी, आणि फक्त त्याच दिवशी, दुपारची झोप झाली की दोघं गॅलरीत फ्रापे घेऊन बसायची. ती काही घटाघटा प्यायची गोष्ट नाही. दोन तास पुरवायची, आणि तळाशी फेस उरला की त्यावर पुन्हा पाणी घालून ती फिकी कॉफीही प्यायची. दादा तिथवर कधी पोचलाच नाही. ग्लास अर्धा झाला की खाली टॅक्सीचा हॉर्न वाजायचा. तो टोपी घालायचा, दाराजवळची बॅग उचलायचा आणि जायचा.

माणूस लांब निघाला की त्या दिवशी घरात केर काढायचा नाही, हे आम्ही सगळेच पाळतो. वहिनीनं त्यात आपली भर घातली होती. पहिल्या बंदरातून फोन येईपर्यंत त्याचा ग्लासही धुवायचा नाही. फेस काचेला चिकटून वाळायचा, मुंग्या लागायच्या. ती मुंग्या झटकायची आणि ग्लास होता तिथं ठेवायची.

एका वर्षी मी तो धुतला. मला घाण बघवत नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं हे नाटकही बघवत नव्हतं.

"वन्सं, ग्लास कुठंय?"

"कपाटात. लख्ख केलाय. आभार सावकाश मान."

तिनं कपाट उघडून ग्लास हातात घेतला. "त्यांचे ओठ लागले होते हो त्याला."

मला तेव्हा हसू आलं. दादाचा फोन नेहमी आठ-दहा दिवसांत यायचा. त्या खेपेला दहा झाले, वीस झाले. वहिनी माझ्याशी एक शब्द बोलेना. मी रोज देवळात मेणबत्ती लावत होते, पण ते कुणाला सांगितलं नाही. एकतिसाव्या दिवशी फोन वाजला. त्या बंदरातला फोन बंद होता, एवढंच कारण. वहिनीच्या आधी मीच हमसून रडले.

गेल्या जून महिन्यात दादा कायमचा घरी आला. पहिल्याच दुपारी वहिनीनं भांडं खळखळवलं आणि मलाही हाक मारली. तिघं गॅलरीत बसलो. दादाचा ग्लास अर्धा झाला आणि तो उठला. टोपी घातली, दाराशी गेला आणि वाकून हातानं चाचपू लागला. तिथं बॅग नव्हती. खाली हॉर्नही वाजला नव्हता. तो आपल्या रिकाम्या हाताकडे बघत उभा राहिला.

वहिनी जागची हलली नाही. "या, बसा. त्यात पाणी घालायचंय अजून."

"फिकी होईल गं."

"होऊ दे. एकतीस वर्षं मी त्या फिक्या कॉफीची वाट बघतेय."

तो टोपी काढून बसला. तिनं पाणी घातलं. नळी तळाशी खुरखुरेपर्यंत तो पीत राहिला, आणि ती टक लावून बघत होती, जणू बाळ दूध संपवतंय.

मग ग्लास घेऊन ती आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला, म्हणून मी बघायला उठले. ग्लास केव्हाच स्वच्छ झाला होता. ती तो घासतच होती, आणि डोळे वाहत होते.

"दे इकडे, मी पुसते," मी म्हणाले.

या खेपेला तिनं तो माझ्या हातात दिला.