दार नसलेली कंपनी

तो माझ्या पॅकिंगच्या दुकानात बसून कंपनी चालवायचा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतले काही छोटे कारखानदार एकत्र आले होते. मोठी ऑर्डर एका नावानं घ्यायची आणि आपसांत वाटून करायची. त्या नावाला ना शेड होती, ना कामगार. सगळ्यांची मोट बांधणारा हा मुरबे गावचा माणूस तेवढा होता. फोनवर बोलताना तो उठून उभा राहायचा, समोरच्याला दिसत असल्यासारखी मान डोलवायचा. "आमी सगले एकच हाय, साहेब," असं दर वेळी सांगायचा.

यंदा उन्हाळ्यात एका शेडमध्ये प्रेसखाली कामगाराचा हात गेला. ह्यानं दुकानातून सगळ्या मालकांना फोन लावले. ज्याची शेड, तो म्हणाला, "काम सगळ्यांचं होतं." बाकीचे म्हणाले, "मशीन त्याचं होतं."

मग आम्ही दोघंच दवाखान्यात गेलो. कामगाराची बायको बाहेर बसली होती.

"कंपनी से कौन आया है?" तिनं विचारलं.

मला वाटलं, हा आता मालकांची नावं सांगेल. त्यानं हात जोडले.

"मैं हूँ कंपनी," म्हणाला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसला.

पुढे मालकांनी नवं नाव घेतलं, नवा माणूस ठेवला. माझी खोकी त्यांच्याकडे जातातच. हा मात्र त्या बाईला घेऊन कामगार कार्यालयात खेपा घालतो, आणि तिथले साहेब दर खेपेला विचारतात, "पण अशी कंपनी आहे तरी कुठे?"