दुसऱ्याची पुडी

परदेशी कामाला निघताना अराबा ओटूकडे सल्ला मागायला येणाऱ्या मुलीला आधी बोलणी खावी लागत. शामा गावाच्या किनाऱ्यावर मासळी धुरावर भाजणाऱ्या बायकांत सगळ्यात तिखट जीभ तिची. एखादी पोरगी नवा पासपोर्ट मिरवत तिच्या भट्टीशी आली की अराबा मान वर न करता विचारी, "निघालीस? मग हसतेस कशाला? लग्नाला चाललीयेस का?"

मग सल्ला सुरू होई. पासपोर्टची नक्कल आईपाशी ठेव. आपल्या वकिलातीचा नंबर पाठ कर, कारण फोन आधी काढून घेतात, डोकं काढून घेत नाहीत. जी भाषा वाचता येत नाही तिच्यातल्या करारावर सही करू नको. आईशी एक खूण ठरव. अडचणीत असलीस तर फोनवर मेलेल्या आजीची तब्येत विचार, म्हणजे मालकीण शेजारी उभी असली तरी आईला कळेल. आणि दुसऱ्याची पुडी बॅगेत घेऊ नको, मग ती सख्ख्या बापाने दिलेली का असेना.

बाकी सगळं पोरी ऐकत. हे शेवटचं मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. त्यांचाही दोष नव्हता. शामात कुणी परदेशी निघालं की आदल्या काही दिवसांत अर्धं गाव पुड्या घेऊन येतं. कुणाचा भाऊ तिकडे, कुणाचा नवरा. निघणाऱ्याने पुडी दोन्ही हातांनी घ्यायची आणि गाठ न सोडता बॅगेत ठेवायची. देणाऱ्यासमोर गाठ सोडणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. असली रीत ज्याने काढली त्याला एकदा तरी विमानतळावर उभं करायला हवं होतं.

अराबा स्वतः नऊ वर्षांपूर्वी आखातात घरकामाला गेली होती. बावीस महिन्यांनी परतली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. ते बावीस महिने तिने कुणाच्या घरात नव्हे, तुरुंगात काढले होते, आणि हे शामात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुरुंगाचं नाव काढलं असतं तर बहिणीच्या मुलींकडे लोकांनी बोट दाखवलं असतं, म्हणून ती गप्प बसली. घराण्याचे वडीलधारे नाना एसिलफी, म्हणजे तिच्या आईचे सख्खे भाऊ, भर बैठकीत म्हणाले होते, "समुद्रावर गेली आणि कोरडं जाळं घेऊन आली." तेव्हापासून पोरंसोरंसुद्धा मागून तिला 'कोरडं जाळं' म्हणत. तिने तेही गिळलं. गिळलेलं पचतंच असं नाही, आणि तिचा राग भट्टीच्या विस्तवासारखा रोज नव्याने पेटे.

आता तिच्या बहिणीची धाकटी, मेन्सिमा, त्याच देशात निघाली होती. म्हाताऱ्यांच्या सेवेचं काम होतं, शनिवारचं विमान. अराबाने आठवडाभर पोरीला दम भरला होता की पुड्या घ्यायच्या नाहीत. गुरुवारी दुपारी ती बहिणीच्या अंगणात आली तेव्हा गावातल्या बायका जमल्या होत्या आणि बॅगेशेजारी त्यांच्या पुड्यांचा ढीग लागला होता. मेन्सिमाने नजर चुकवली. मोठ्या माणसांना नाही कसं म्हणायचं, असं काहीतरी ती पुटपुटली. अराबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तेवढ्यात नाना आले.

नानांनी जमिनीवर दारू ओतली, पूर्वजांची नावं घेतली, पोरीला आशीर्वाद दिला. मग अंगावरच्या कापडाखालून जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली एक काळी पिशवी काढली. एबोला दे म्हणाले. एबो त्यांचा मुलगा, तिकडे पंधरा वर्षं ट्रक चालवणारा. मेन्सिमाने दोन्ही हात पुढे केले.

अराबाने मध्येच पिशवी ओढून घेतली आणि मासळीच्या सुरीने दोरा कापला. आतून सुकी मासळी निघाली, काळ्या चटणीची बरणी निघाली, आणि मासळीच्या खाली चार पाकिटं निघाली, लाल-हिरव्या वेदनाशामक गोळ्यांची. शामात या गोळ्या किनाऱ्यावर टोपलीत घेऊन विकतात. जाळं ओढण्याआधी पुरुष त्या चण्यासारख्या तोंडात टाकतात.

"भरल्या अंगणात मला चोर ठरवतेस?" नाना म्हणाले.

"चोर परवडला नाना. तो काय करतोय ते त्याला ठाऊक असतं."

"पोराची पाठ दुखते. बापाने औषध पाठवायचं नाही?"

"तिकडे हे औषध नाही, गुन्हा आहे. ज्याच्या बॅगेत सापडेल त्याचा गुन्हा." अराबाचा आवाज चढला नाही. बायकांना तेच जास्त भीतीदायक वाटलं. "मला कसं ठाऊक, विचारा ना. नऊ वर्षांपूर्वीही पुडी तुमचीच होती. दोरा हाच, गाठ हीच. विमानतळावर त्यांनी ती फोडली, आत याच गोळ्या निघाल्या आणि मला आत टाकलं. बावीस महिने. आपल्यात घराणं आईकडून चालतं म्हणता, भाचीला जपणं मामाचं काम म्हणता. छान जपलंत."

नाना काठी आपटून म्हणाले की हे साफ खोटं आहे. तसं घडलं असतं तर एबोने सांगितलं असतं. पुडी मिळाली, असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"पुडी कुणासाठी म्हणून पोलिसांनी एबोला ठाण्यावर बोलावलं होतं," अराबा म्हणाली. "काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं आणि ही बाई कोण मला माहीत नाही म्हणाला. लावा त्याला फोन. आत्ता, सगळ्यांसमोर."

नानांना कमी ऐकू येई, म्हणून मेन्सिमाने फोन लावून आवाज मोठा केला. एबोने आधी पुडी येतेय ना, तेच विचारलं. नानांनी त्याला थांबवलं.

"अराबाबरोबर पाठवलेली पुडी तुला मिळाली होती का?"

पलीकडे ट्रकचं इंजिन चालू होतं.

"बाबा, मी तिला ओळखतो म्हटलं असतं तर मलाही आत टाकलं असतं."

"मग मिळाली म्हणून का सांगितलंस?"

"तुम्ही कुठे तिच्याबद्दल विचारलंत?" एबो म्हणाला. "वाटेत मासळी खराब तर झाली नाही ना, एवढंच विचारलंत."

नानांनी फोन मेन्सिमाच्या हातात दिला. एबो पलीकडून हाका मारत होता, पण फोन कुणी बंद केला नाही. अराबाने गोळ्यांची पाकिटं उचलून भट्टीत टाकली, परत आली, ढिगातली पुढची पुडी घेतली आणि सुरी लावली. ती ज्या बाईची होती ती पुढे आली. तिने अराबाच्या हातातून पुडी घेतली आणि खाली बसून आपली गाठ आपणच सोडू लागली.