दोरा तुटला नव्हता

तुमच्या घरात सगळ्यांचं ऐकून घेणारं माणूस कोण? लगेच आठवलं ना? मग सांगा, ते माणूस स्वतःचं कुणाला सांगतं?

हाच प्रश्न एकदा आमच्या फॉर्मवालीला पडला होता.

सातवीत शाळा सुटलेली, वीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधलेली बाई. छापखाना बंद पडल्यावर घरातली नाती, आधार आणि मनाचं आरोग्य यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं तिला दारोदार जाऊन प्रश्नांचे फॉर्म भरायला नेमलं. "मावशी, जमेल ना?" असं एका पदवीधर पोरीनं विचारलं, तर हिनं चाळीसच्या चाळीस प्रश्न तोंडपाठ म्हणून तिचं तोंड बंद केलं. भोचकपणा अंगातच, आता तर गळ्यात ओळखपत्र घालून लोकांच्या घरात डोकावायचं!

नियम कडक होता: चिठ्ठीत नाव निघेल त्यालाच विचारायचं, तेही एकट्याला गाठून. घरच्यांसमोर कुणी खरं बोलत नाही.

एके दिवशी नाव निघालं एका निवृत्त पोस्टमन आजोबांचं. कानांनी अधू. सून आतल्या खोलीत शिवणयंत्रावर. फॉर्मवालीनं मधलं दार लावलं, नियम पाळला आणि प्रश्न मात्र जिन्यापर्यंत ऐकू जातील असे ओरडून विचारले.

"महिनाभरात झोप उडाली होती का?"

"माझी? पडलो की घोरतो!"

आत यंत्र थांबलं. थोड्या वेळानं सुरू झालं.

"जेवण वेळेवर होतं?"

"होतं की." यंत्र चालूच.

"उगाच रडू येतं?"

"छे!" यंत्र थांबलं.

फॉर्मवालीचे कान टवकारले. हे काय गौडबंगाल? उत्तरं इथं, थांबतंय तिथं!

"मन कुणाजवळ मोकळं करता?"

"सूनबाईजवळ. मुलगा, नातवंडं, सगळे तिच्याकडेच धावतात. भारी खंबीर पोर!"

आता यंत्र सुरूच होईना. पुढचा प्रश्न फॉर्मात नव्हता आणि पदरचा प्रश्न घालायला बंदी होती. फॉर्मवालीनं पेनाला टोपण लावलं.

"आणि सूनबाई कुणाला सांगते?"

आजोबा पायाखालच्या फरशीकडे बघत म्हणाले, "यंत्राची थरथर मला पायांना कळते. हल्ली सारखी थांबते. मी म्हटलं, दोरा तुटत असेल."

उठले, दार उघडलं. सून चाकावर हात ठेवून बसलेली.

"दोरा तुटला का गं?"

"नाही, बाबा."

"मग?"

"दोन महिने झोप नाही," ती पुटपुटली.

"काय?" आजोबांनी कानामागं हात धरला.

जे तिनं कधी कुजबुजूनही सांगितलं नव्हतं, ते आता ओरडून सांगावं लागलं. "झोप नाही, बाबा! मला खूप भीती वाटते!"

आजोबा तिच्याशेजारी कापडाच्या ढिगावरच बसले. "सांग. सगळं सांग. मोठ्यानं."

पदरचा प्रश्न घातला म्हणून ऑफिसनं तो फॉर्म बाद केला. फॉर्मवाली साहेबांशी कडकडून भांडली. "कागद बाद करा, त्या सुनेला नाही!" साहेबांकडून डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतल्याशिवाय ती हलली नाही. तो पत्ता घेऊन चार दिवसांनी सासरे-सून दोघं दवाखान्यात गेले.

सुरुवातीला ज्याचं नाव आठवलंत, त्याला आज विचारा, "तू कुणाला सांगतोस?" "काही नाही" म्हणालं, तर ऐकू आलं नाही असं समजा आणि पुन्हा विचारा.