आधी मदत, मग ख्यालीखुशाली

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे कंसमामा म्हणायचे. एक तर त्यांच्या प्रोग्राममध्ये कंसात कंस, आणि आवाज असा की नवीन मुली रडकुंडीला यायच्या. माणूस मात्र लोण्याहून मऊ. झाल्या प्रकाराचं सगळं खापर कुणी त्यांच्यावर फोडलं, तर मी आजही त्याच्याशी भांडेन.

आमचं काम एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यांनी फोनवरून 'मदत' असा संदेश पाठवला की प्रोग्राम तो ओळखतो, ऑफिसात घंटा वाजते आणि आमचा माणूस रुग्णवाहिका घेऊन त्यांच्या दारी जातो. सुरुवातीला मामांचा नियम साधा होता, संदेशात कुठेही 'मदत' दिसलं की घंटा. झालं काय, एका आजोबांनी लिहिलं, 'काल मदत केलीत, आभारी आहे,' आणि रुग्णवाहिका त्यांच्या दारात. आजोबा टॉवेलवरच बाहेर आले. आम्ही हसून बेजार, साहेब मात्र लालबुंद. मामांनी त्याच दिवशी नियमाच्या तोंडाशी एक खूण टाकली. छपरासारखी, एवढीशी. तिचा अर्थ, शब्द संदेशाच्या अगदी आरंभी असेल तरच तो हुकूम, नाहीतर नुसत्या गप्पा. गप्पांचे संदेश एका पेटीत जायचे आणि ती पेटी आम्ही सोमवारी उघडायचो.

तपासणी माझ्याकडे होती. मी चाळीस संदेश लिहून पाहिले, सगळे माझ्यासारख्या घाईच्या बाईचे. 'मदत', 'मदत हवी', 'मदत पाठवा'. चाळीसच्या चाळीस पास. मामा, आता निर्धास्त व्हा, असं मीच म्हटलं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मामांची थोरली बहीणही आमच्या यादीत होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, त्या नादात स्वतःचं लग्न राहूनच गेलं. मामांनी तिच्या शेजारी बसून 'मदत' कसं लिहायचं ते शिकवलं होतं. पण ताईंनी जन्मात कुणाकडे थेट काही मागितलं नव्हतं. वाटीभर साखर मागायला गेल्या तरी आधी त्या घरातल्या पाचही जणांची तब्येत विचारणार. हे मामांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. नियम लिहिताना आठवलं नाही, एवढंच.

एका शनिवारी सकाळी ताई न्हाणीघरात पडल्या. फोन गाऊनच्या खिशात होता. त्यांनी आमच्याच नंबरावर, पण भावाला पत्र लिहावं तसं लिहिलं, 'अनेक आशीर्वाद. तू जेवलास का? सर्दी कशी आहे? मी जरा न्हाणीघरात पडले आहे. उठता येत नाही. सवडीने मदत पाठव.' प्रोग्रामने तो संदेश पेटीत टाकला. एकदा सांगितल्यावर पुन्हा काय टोकायचं, म्हणून ताईंनी दुसरा पाठवला नाही. रविवारी दुपारी मामा नेहमीसारखे भेटायला गेले, तेव्हा त्या तिथेच पडून होत्या.

जीव वाचला, पण चालणं संपलं. सोमवारी पेटीतून तो संदेश मीच काढून मामांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"सर्दी होती मला," एवढंच म्हणाले.

नियम बदलला. आता गप्पांची पेटीही एक माणूस दर तासाला वाचतो. मामा कुणावर ओरडत नाहीत, आणि त्यांचं ते गप्प राहणं मला सोसत नाही.

ताईंनी भावाला एका शब्दाने दुखावलं नाही. चाकांच्या खुर्चीतून उलट त्यांचीच समजूत घातली. "तू सांगितलं होतंस रे," त्या म्हणाल्या, "मीच आधी गप्पा मारत बसले."

तेव्हापासून रोज दुपारी एकच्या सुमारास ऑफिसात घंटा वाजते. 'मदत. तू जेवलास का?' आम्ही माना खाली घालतो. मामा अर्धा डबा तसाच झाकतात आणि गाडीची किल्ली उचलतात. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, मामा, त्या ठीकच असणार, त्यांच्यापुरता एखादा नियम घाला, म्हणजे घंटा वाजणार नाही.

ते जिन्यापाशी थांबले.

"एक घातला होता," म्हणाले, आणि खाली उतरले.