झोपायचा कान

दुकानात त्याला सगळे कानसेन म्हणत. कानाच्या भोकात बसवायचे महागडे इअरफोन विकणारं ते दुकान, आणि दोन जोड्यांत बरी कुठली हे सांगायचं काम याचं. गिऱ्हाईक एखाद्या जोडीवर भाळलं की हा हळूच म्हणायचा, "आवाज छानच आहे हो, पण तुमच्या कानात नीट बसत नाहीये. जरा फट राहिली की खर्ज गेलाच समजा." मालकही नवा माल याने ऐकल्याशिवाय काचेत मांडायचे नाहीत.

माणूस मात्र पक्का भित्रा. लिफ्टमध्ये शिरताना देवाचं नाव घ्यायचा, कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा, साधी शिंक आली तरी याला पुढचं आजारपण दिसायचं. "माझ्याशी लग्न करायचं धाडस कसं झालं बाई याला," असं बायको चारचौघांत म्हणायची आणि हाही हसायचा. पण सगळ्यांत जास्त तो जपायचा ते कान, स्वतःचे आणि घरातल्यांचेही. मुलीने कानात काडी घातलेली दिसली की हा धावत जाऊन ती काढून घ्यायचा. ही मुलगी म्हणजे ठमी, एकुलती एक. तिला तो रागवायचा ते एकाच गोष्टीवरून. हाका मारून घसा सुकला तरी बया ओ द्यायची नाही. "कानात बोळे घातलेत का गं?" हे त्याचं गेलं वर्षभर चाललेलं.

त्या दिवशी त्याला सुट्टी होती. मालकांनी दोन नव्या जोड्या घरी दिल्या होत्या. एकीचा आवाज भरदार, दुसरी बारीकसारीक सगळं सुटं करून ऐकवणारी. लहान कानात कुठली नीट बसते तेही बघायचं होतं, आणि घरात लहान कान ठमीचेच. ती शाळेतून आल्यावर त्याने तिला पलंगावर बसवलं, आवाज अगदी कमी ठेवला आणि आपलं नेहमीचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात डावीकडे व्हायोलिन आहे, उजवीकडे पियानो.

"कसं वाटतंय?"

"मस्त."

"दोन्हीकडे सारखं?"

"हो रे बाबा."

मग त्याचं लक्ष गेलं. या जोड्यांची वायर सुटी निघते, आणि घाईत त्याने डावीकडची बसवलीच नव्हती. ती ठमीच्या खांद्यावर नुसती लोंबत होती.

"लबाड कुठली," तो हसला आणि वायर टक्कन बसवली. "आता?"

"तसंच आहे की."

त्याने उजवीकडची वायर काढली.

"बंद का केलंस?" ठमीने विचारलं.

बंद केलं नव्हतं. डाव्या कानात व्हायोलिन चालू होतं.

तरी आधी त्याने मालावरच संशय घेतला. कानात जाणारी रबरी टोपी मोठी झाली असेल, आत दुमडून भोक बुजलं असेल. त्याने लहान टोपी लावली. मग स्पंजची. मग जोडीच बदलली. दर वेळी आधी स्वतःच्या कानात घालून बघायचा, आणि व्हायोलिन स्वच्छ ऐकू आलं की आणखी घाबरायचा. एवढा महागाचा माल, पण तो खराब निघावा म्हणून मनातल्या मनात हात जोडत होता. मोबाईलचा उजेड पाडून त्याने तिच्या कानात पाहिलं. मळाचा कणही नव्हता. असणार कुठून, तोच तर जपत होता.

आवाज वाढवून बघावा असं मनात आलं. वाढवूनही तिला ऐकू आलं नाही तर, या भीतीने त्याचा हातच पुढे जाईना.

बायको हात पुसत दारात आली. "तोंड का उतरलंय रे तुझं?"

"हिला मागे गालगुंड झालं होतं, तेव्हा सूज कुठल्या बाजूला होती?"

"डावीकडेच तर होती. का?" ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून आत आली. गालगुंडाने कधीकधी एका बाजूचा कान जातो, हे त्याला आत्ता आठवलं होतं.

तो ठमीसमोर बसला. "ठमे, या कानाने तुला ऐकू येत नाही का गं?"

"नाही," ती सहज म्हणाली. "तो झोपायचा आहे ना."

"म्हणजे?"

"हा ऐकायचा." तिने उजव्या कानाला बोट लावलं. "हा उशीत दाबला आणि तो वर ठेवला की सगळं गप्प होतं. मग झोप येते. तुझा झोपायचा कुठलाय?"

बायको ठमीच्या शेजारी येऊन बसली. त्याच्या मनात एकदम सगळं आलं. डॉक्टर काय सांगतील, दुसराही कान गेला तर काय, आणि वर्षभर आपण या पोरीवर ओरडत होतो. त्याला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. पण ठमी त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

"हाच," तो म्हणाला, आणि त्याने आपल्या डाव्या कानाला हात लावला.

"म्हणजे आपलं सेम आहे," ठमी खूश झाली.

दोन्ही जोड्या तशाच पलंगावर टाकून तिघं कानाच्या डॉक्टरांकडे निघाली. रस्त्याला लागताच ठमी उड्या मारत पुढे पळाली. हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो धावत गेला, तिच्या उजव्या बाजूला आला, आणि तिथून हळूच म्हणाला, "ठमे, थांब."

ती लगेच थांबली.