डबा लहान, पण गिटारीचा

बारावीला होते तवाची गोष्ट. मामाची गाण्याची पार्टी होती बाळापुरात. चौदा एप्रिलच्या जयंतीला गावोगाव कार्यक्रम. पोरी कोरसात, वाजवायला गडी, हे ठरलेलंच. मी जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली, वर्षभर बोटं सोलून शिकले, तर मामा म्हणे, "तुझी गिटार पयल्या रांगेत बी ऐकू येत न्हाई. जयंतीपस्तोर आवाज आण, न्हाईतर बँजोवाला बोलावला म्हणून समज. तू कोरसात."

कोरसात? मी? न्हाई म्हणजे न्हाई.

मामालाच घेऊन हिंगोलीला गेले, गिटारीला अँप्लिफायर घ्यायला. तिथं एक चाचा रेडिओ दुरुस्त करायचे, जुनं साउंडचं सामान बी विकायचे. त्यांनी एक काळा पेटारा काढला, दोन माणसांनी उचलावा एवढा. माईक लावला आन् "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" केलं. रस्त्यावरची म्हैस थांबली, खरंच.

"बास, हाच," मामा म्हणले.

आमच्याकडं अँप्लिफायर असाच घेतेत. हॅलो किती लांब गेलं ते बघायचं. अहो पण मला हॅलो वाजवायचं होतं का?

"चाचा, माझी गिटार लावा याला."

"बेटा, आवाज तो सुना ना?"

"माईकचा ऐकला. गिटारीचा न्हाई."

लावली. पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हालवल्यावानी आवाज आला. तो पेटारा भाषणाचा होता, गिटारीचा नव्हताच. मग कोपऱ्यात एक लहान डबा दिसला, गिटारीचाच अँप्लिफायर, पुढचं कापड फाटलेलं, नांदेडहून कुणीतरी आणून टाकलेला. मामा म्हणले, "त्यात डाळ भरायची का?"

मी त्याला गिटार लावून खालीच बसले. आता ऐका, तुमी बी जुना घ्यायला गेलात तर असंच करा. आवाज बारीक ठेवून वाजवा. मोठ्या आवाजात सगळं चांगलंच वाटतं. एकेक बटण हळू फिरवा. थोडी खरखर चालते, ते साफ होतं. वायर घुसते तिथं हालवून बघा, आवाज तुटला तर सोडून द्या. आन् अर्धा तास चालूच ठेवा, तापल्यावर जळका वास येतो का बघा. कापड फाटलं तर फाटू द्या, कापड वाजत न्हाई.

चाचा तीनदा म्हणले, "हो गया बेटा?" मामा दोनदा चहा पिऊन आले. "काहून बसून राहिली? लोक हसून राहिले ना."

"हसू द्या. वाजवायचं मला हाय."

तो डबा मांडीवर घेऊन एस्टीनं आले.

जयंतीच्या संध्याकाळी स्टेजवर गेले तर बँजोवाला आधीच बसलेला. मामानं बोलावलाच होता. माझ्या डब्याकडं बघून मामा म्हणले, "एवढ्या मैदानात हे कुणाला ऐकू येईल?"

"डब्यासमोर माईक लावा."

मंडपवाला म्हणला, "ताई, माईक माणसाला लावतेत. डब्याला न्हाई. आन् जास्तीचा हाय कुठं?"

कोरसात माझ्यासमोर एक माईक होता. तो म्या काढला, स्टँड खाली केला आन् डब्याच्या तोंडासमोर ठेवला.

"मग तू गाणार कशात?" मामा.

"मी गाणार न्हाई."

पयल्या गाण्याला मामा हातानं खुणावत होते, कोरस उचल, कोरस उचल. म्या तोंड मिटून घेतलं आन् वाजवलं. मैदानाच्या पार शेवटी, पाण्याच्या टाकीवर बसलेली पोरं माझ्या ठोक्यावर टाळ्या देऊन राहिली होती. मामानं ते बघितलं. खुणावणं थांबलं.

दुसऱ्या गाण्याआधी बँजोवाला माझ्याकडं वाकला. "ताई, पट्टी कोणती धरता?"

"काळी दोन," म्या सांगितलं, आन् त्यानं तीच धरली.